निळूभाऊ आणि गावोगावचे हिंदूराव

चित्रपटाच्या जाहिरातीत नायकाचे नाव ठळक अक्षरांत असते आणि चरित्र अभिनेत्याचे तळाच्या ओळीत. तथापि चित्रपट संपल्यावर प्रेक्षकाच्या मनात ठाण मांडून बसतो तो पुष्कळदा तळाच्या ओळीतील नटच. निळू फुले यांची कारकीर्द हे याचे ठळक उदाहरण होय.

पुण्याच्या कष्टकरी कुटुंबातील निळूभाऊ तरुणपणी तेथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत आणि तुटपुंज्या पगारातील काही रक्कम राष्ट्र सेवा दलाला देत. दलाच्या कलापथकात त्यांच्यातील नट घडला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव दिले, तर १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’ने पडदा. १९७२ मध्ये तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर त्यांनी रंगभूमीवर उभा केला.

१९७४ च्या ‘सामना’तील त्यांचा हिंदूराव धोंडे पाटील हा साखरसम्राट. तो पाहुण्याचा पाहुणचार करतो, आपण केलेला विकास अभिमानाने दाखवतो. आणि एका गरीब माणसाच्या नाहीसे होण्याचा प्रश्न मात्र दडपू पाहतो. निळूभाऊंनी या सत्तेला राक्षसाचे नव्हे, ओळखीच्या शेजाऱ्याचे रूप दिले. यवतमाळ हा प्रामुख्याने कापसाचा जिल्हा. तरीही येथील प्रेक्षकाला हिंदूराव परका वाटण्याचे कारण नाही. कर्ज, सोसायटी आणि बाजार यांच्या किल्ल्या मोजक्या हातांत गेल्या, की पीक कोणतेही असो, पाटील तोच असतो.

पुढे १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये याच नटाने सत्तेचा खेळ जवळून पाहून अखेर भ्रमिष्ट होणारा पत्रकार दिगू साकारला. सत्ता भोगणारा आणि ती पाहून खचणारा, अशी दोन्ही टोके एकाच माणसाने पेलावीत, ही सामान्य गोष्ट नव्हे.

पडद्यावरील या दुष्टपणामुळे खेड्यांतील स्त्रिया त्यांना पाहून बिचकत, असे सांगतात. प्रत्यक्षात हा गृहस्थ अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर उभा राहत होता आणि सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागूंसमवेत झटत होता. अन्यायाची चीड होती, म्हणूनच अन्याय करणाऱ्याची नस त्यांना सापडली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

१३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले. एका माळ्याला नट करणारी कलापथकाची परंपराही आता क्षीण झाली आहे. यवतमाळच्या तालुक्यातालुक्यांत गुणी मुले नाहीत, असे कोण म्हणेल? शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत नायकाचे कौतुक होतेच. सावकाराची वा पाटलाची भूमिका जीव ओतून करणाऱ्या मुलाच्या पाठीवरही शिक्षकांनी हात ठेवावा. समाजाला आपले दोष दाखविणारा आरसा बहुधा अशाच नटाच्या हाती असतो.