रस्ता न उकरता जलवाहिनी नवी करण्याची विद्या

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता नळदुर्ग मागे टाकून उमरग्याच्या दिशेने निघाला, की तुळजापूर तालुक्यातील मौजे जळकोट हे गाव लागते. बालाघाटच्या या पठारावर कोठे कमरेइतकी खोल काळी जमीन, कोठे वीतभर मातीखाली लगेच मुरूम, आणि त्या दोहोंच्या तळाशी अखंड काळा पाषाण अशी भूमीची रचना आहे. नांगर धरणाऱ्यास ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असली, तरी गावाच्या पोटातून पाण्याची वाहिनी नेणाऱ्यांनी तिचा विचार क्वचितच केला, आणि त्याचे फळ आज मराठवाड्यातील असंख्य गावे भोगीत आहेत.

काळी जमीन वैशाखात आक्रसते, तिला हातभर खोल भेगा पडतात, आणि मृगाचा पाऊस पोटात मुरताच तीच जमीन फुगून वर येते. ही ओढाताण दरसाल सोसणारा सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसचा ठिसूळ पाइप अखेर बांगडीसारख्या वर्तुळाकार चिरेने दुभंगतो. जेथे वाहिनी मुरमातून काळ्या मातीत शिरते त्या सीमेवर तर हा भंग हटकून व्हावयाचा, कारण पाइपाचा एक भाग स्थिर राहतो आणि दुसरा जमिनीबरोबर हलतो. प्लॅस्टिकचा पीव्हीसी पाइप जातीने लवचिक खरा, परंतु त्याचे सांधे घाईने जोडलेले असतात आणि घरोघरच्या नळजोडांसाठी त्याला जागोजागी छिद्रे पाडलेली असतात. गळती तेथून सुरू होते. ओतीव लोखंडाची व्याधी निराळी आहे. त्याला आतून गंजाच्या गाठी चढतात, आणि १०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीतील मोकळी जागा ७५ मिलिमीटरांवर आली, की तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी पाणी वाहते. टाकी भरलेली असूनही शेवटच्या आळीत पाणी चढत नाही, अशी जी तक्रार ग्रामपंचायतीच्या कचेरीत वर्षानुवर्षे येत राहते, तिचे मूळ अनेकदा येथे असते.

गळती किती होते याविषयी लोकांची कल्पना फार तोकडी असते, म्हणून थोडा हिशेब मांडणे अवश्य आहे. १५ मीटर उंचीच्या टाकीचा दाब असलेल्या वाहिनीला अवघे ५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले, आणि वाहिनी अहोरात्र भरलेली राहिली, तर चोवीस तासांत त्यातून सुमारे १७ हजार लिटर पाणी निसटते. जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे, त्या हिशेबाने हा तीनशे माणसांचा वाटा झाला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची आगगाडी शेजारच्या लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते आणि साऱ्या देशाचे लक्ष तिच्याकडे लागले होते. तेवढेच पाणी असे एक छिद्र महिन्याभरात मातीत घालविते, आणि त्याची वार्ता कोणालाही लागत नाही.

आपल्याकडे दिवसाआड, क्वचित आठवड्याने, तासभर पाणी सोडण्याची वहिवाट असल्यामुळे हा नाश घटतो, असे कोणी म्हणेल. नाश घटतो हे खरे, परंतु त्याहून भयंकर असा एक अनर्थ त्याच वहिवाटीतून उद्भवतो. पाणी बंद झाले की वाहिनीतील दाब नाहीसा होतो, उतारावरील भाग रिता होताना आत शोषण निर्माण होते, आणि ज्या छिद्रातून सकाळी पाणी बाहेर गेले त्याच छिद्रातून दुपारी शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. पावसाळ्याच्या तोंडी गावोगाव उद्‌भवणाऱ्या अतिसाराच्या साथींत या मार्गाचा मोठा वाटा असतो. जुन्या वाहिनीची दुरुस्ती हा म्हणूनच केवळ बचतीचा प्रश्न नव्हे.

दुरुस्ती म्हणजे खोदाई, ही समजूत मात्र आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. अलीकडच्या वर्षांत ज्या गल्ल्यांत मोठ्या हौसेने सिमेंटचे रस्ते झाले, त्यांच्याच खाली जुनी वाहिनी सडत असते. रस्ता फोडावयाचा तर नवा इमला मोडतो, न फोडावा तर पाणी नासते, आणि या पेचात वर्षे निघून जातात. खोदाईच्या कामात प्रत्यक्ष पाइपाची किंमत किती आणि फोडणे, भरणे, पुन्हा रस्ता करणे यांचा खर्च किती, हे अंदाजपत्रक उघडून कोणीही पाहावे. दाट वस्तीत हा दुसरा आकडाच बहुधा वरचढ ठरतो.

या पेचातून वाट काढणारी जी तंत्रे जगात रूढ झाली, त्यांना आपले अभियंते विनाखोदाई तंत्रे म्हणतात. त्यांतील सर्वांत साधे तंत्र म्हणजे जुन्या पाइपात त्याहून किंचित लहान व्यासाचा उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचा, म्हणजे एचडीपीईचा, अखंड पाइप ओढून घेणे. व्यास घटतो, परंतु सांधे नाहीसे होतात. लोखंडी पाइप आतून खरवडून, धुऊन, त्यावर फिरत्या यंत्राने सिमेंटचा पातळ लेप देण्याची रीत १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आली. तिने गंज थांबतो, परंतु मोडकळीस आलेल्या पाइपाला बळ येत नाही. तिसरे तंत्र इंग्लंडमधील एरिक वुड याचे. १९७१ साली त्याने लंडनच्या हॅकनी भागातील एका जुन्या मैलावाहिनीत राळेने भिजविलेली नमद्याची नळी आत सारली, आणि राळ आतल्या आत कठीण होऊ दिली. जुन्या वाहिनीच्या पोटात नवी वाहिनी तयार झाली. पिण्याच्या पाण्यासाठी हीच रीत योजिताना राळ आरोग्यास निर्धोक असल्याचे प्रमाणपत्र अनिवार्य असते. चौथे तंत्र १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये जुन्या लोखंडी गॅसवाहिन्यांसाठी निघाले. त्यात एका खड्ड्यातून शिरलेले शंकूच्या आकाराचे बोथट डोके जुना पाइप आतून फोडीत, त्याचे तुकडे भोवतालच्या मातीत दाबीत पुढे जाते, आणि त्याच्या शेपटीला जोडलेला नवा पाइप त्याच वाटेने मागोमाग येतो.

आपल्या राज्यात भूमीच्या पृष्ठभागाला हात न लावता पाणी नेण्याचा सर्वांत भव्य उद्योग मुंबईने केला आहे. १८६० मध्ये विहारचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी मिळालेल्या त्या नगरीत जुन्या वाहिन्यांच्या दोहों बाजूंनी इतकी दाट वस्ती झाली, की नव्या वाहिनीस जागा उरली नाही. तेव्हा महानगरपालिकेने पाषाणातून बोगदे खोदले. ठाणे जिल्ह्यातील गुंदवलीपासून भांडुपपर्यंतचा बोगदा सुमारे १५ किलोमीटर लांब व १०० मीटरांहून खोल आहे. अर्थात ही श्रीमंती जळकोटच्या कामाची नाही. तिच्यातून घ्यावयाचा धडा वेगळाच आहे, त्याकडे पुढे येतो.

जळकोटसारख्या गावी यांपैकी काय चालेल? टाकीकडे येणारी मुख्य वाहिनी, जिच्यावर मध्ये नळजोड नसतात, ती या तंत्रांना सर्वांत अनुकूल; दोन टोकांना दोन खड्डे घेऊन शंभर मीटर किंवा त्याहून लांब टप्पा एका दमात बदलता येतो. हमरस्त्याखालून पलीकडे जावयाचे तर आडवे छिद्र पाडून पाइप ढकलणे हाच सरळ मार्ग आहे. गल्लीतील वितरणवाहिनीचे मात्र तसे नाही. तेथे दर चार-पाच मीटरांवर एक नळजोड असतो, नवा पाइप आत गेला की प्रत्येक जोडासाठी निराळा खड्डा घ्यावा लागतो, आणि विनाखोदाईचा लाभ त्या खड्ड्यांतच जिरून जातो. अशा गल्लीत रस्त्याच्या कडेने रीतसर चर खोदून नवी वाहिनी घालणे हेच मला शहाणपणाचे वाटते. मक्तेदार काहीही सुचवो.

आणखी दोन गोष्टी या भूमीत विसरून चालणार नाहीत. जेथे जुना पाइप पाषाणात कोरलेल्या अरुंद चरीत बसविलेला आहे, तेथे तो फोडला तरी तुकड्यांना सरकावयास जागा नसते; यंत्र अडकते, मोठ्या व्यासाचा पाइप घालण्याचा बेत तर सोडूनच द्यावा लागतो. आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा पाइप फोडला तर त्याचे तंतुमय अवशेष मातीत कायमचे राहतात, पुढे कोणी तेथे खोदले तर त्यांची धूळ श्वासात जाते. त्यापेक्षा तो न फोडता त्याच्या आतून नवा पाइप ओढून घेणे बरे.

परंतु हे सारे ठरविणार कशाच्या आधारे? मुंबईचा धडा तो हाच. ठाण्यात कूपनलिका खोदताना पाण्याच्या बोगद्याला भगदाड पडले, आणि त्याच्या दुरुस्तीपायी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईच्या पाण्यात पंधरा टक्के कपात करावी लागली. जमिनीखाली काय आहे याची खबर खोदणाऱ्यापर्यंत न पोहोचल्याने एवढ्या मोठ्या नगरीवर ही आपत्ती ओढवली. लहान गावात तर बहुधा नकाशाच नसतो. कोणती वाहिनी कोठून वळते, कोणता व्हॉल्व्ह मातीखाली गाडला गेला, कोठे दोन पाइप एकावर एक गेले आहेत, हे पाणी सोडणाऱ्या एका माणसाच्या स्मरणात असते, आणि तो निवृत्त झाला की ते ज्ञानही गावातून निघून जाते.

म्हणून यंत्राच्या मक्त्याआधी एक स्वस्त काम व्हावे. पाणी सोडणाऱ्या त्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन ग्रामपंचायतीने गल्लोगल्ली फिरावे, प्रत्येक व्हॉल्व्ह उघडा करून त्याचे माप टिपून घ्यावे, रात्री सारे नळ बंद असताना टाकीची पातळी तासाला किती उतरते ते पाहावे, आणि शांत वेळी लोखंडी दांडीचे एक टोक पाइपावर व दुसरे कानाशी धरून गळतीचा सूर ऐकावा. मक्ता द्यावयाची वेळ आली, की करारनाम्यात एवढे कलम अवश्य असावे, की अखेरचे बिल अदा होण्यापूर्वी नव्या वाहिनीची दाबचाचणी होईल, तिचे क्लोरिनने निर्जंतुकीकरण होईल, आणि प्रत्येक वळणाची खोली, प्रत्येक सांध्याचे रस्त्यापासूनचे अंतर व प्रत्येक नळजोडाची जागा दाखविणारा नकाशा दोन प्रतींत दाखल होईल. एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी आणि दुसरी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात.