छापील मिरवणूक आणि अनवाणी पाय

मंडळी, आपल्या म्हशाच्या जत्रेचा उंचावरून काढलेला फोटो आठवा. त्यात डोकी दिसतात. चेंगरलं कोण, चप्पल कुणाची हरवली, हे आत असलेल्यालाच माहीत. आता पडद्यावर आहे त्या चित्राकडेही तसंच बघायचंय.

हे १७व्या शतकातलं, बरोक काळातलं छापचित्र. तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरायच्या, त्यात शाई भरायची, पत्रा पुसून घ्यायचा आणि वर ओला कागद दाबायचा. म्हणूनच वीतभर जागेत एवढी माणसं मावतात.

प्रसंग जुन्या गोव्यातला आहे. तिथे १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय बसलं. ते कायमचं उठलं १८१२ ला. कैद्यांची मिरवणूक काढून भर लोकांत निकाल वाचायचे, त्या सोहळ्याला पोर्तुगीज 'आउतो द फे' म्हणत. क्रम ठरलेला असे. पुढे डोमिनिकन पाद्र्यांचं निशाण, मग हातात मेणबत्ती घेतलेले कैदी, मग क्रूस. क्रूसाचं तोंड पुढच्या कैद्यांकडे, पाठ मागच्यांकडे. ज्यांच्याकडे पाठ, त्यांना जाळायचं. खटला चालू असताना मेलेल्यांचीही सुटका नव्हती. त्यांचे पुतळे आणि हाडांच्या पेट्या मिरवत.

हे आपल्याला कळलं ते त्या रांगेतूनच चाललेल्या एका माणसामुळे. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य. संतांच्या प्रतिमांविषयी बोललेलं त्याच्या अंगाशी आलं. १६७३ मध्ये त्याला दमणला पकडलं आणि वसईमार्गे, म्हणजे आपल्याच मुलखाच्या कडेनं, गोव्याला नेलं. १२ जानेवारी १६७६ च्या मिरवणुकीत तो अनवाणी चालला. रस्त्यातल्या बारीक खड्यांनी पाय रक्ताळले, असं त्यानं लिहून ठेवलंय. शिक्षा झाली मालमत्तेची जप्ती, हद्दपारी आणि पाच वर्षं सक्तमजुरी. पण १६७७ मध्ये लिस्बनला त्याची सुटका झाली.

सुटणाऱ्यांकडून आतलं काही बोलणार नाही अशी शपथ घेत. देलाँनं ती मोडली. १६८७ ला त्याचं पुस्तक निघालं. पुस्तकासोबत ही मिरवणूक छापचित्रांतून युरोपभर पोचली.

म्हणजे बघा, दरारा बसावा म्हणून जी मिरवणूक चारचौघांत काढली, तीच पुढे कागदावर न्यायालयाविरुद्ध साक्ष झाली. पण चित्रात रांग नीटनेटकी आहे, खडे कुठेच नाहीत. ते देलाँच्या शब्दांतच सापडतात. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरतं कळत नाही.

चित्र पुन्हा मोठं करतो. आता निशाणं सोडा, पाय बघा.