मामांची गाडी कधी विमान, कधी बैलगाडी! जुने कॉम्प्युटर गेम योग्य वेगात कसे चालवायचे?

अकोल्याच्या माझ्या मामांनी 1997 मध्ये अमरावतीला इंजिनीअरिंग शिकताना टर्बो सीमध्ये एक गेम लिहिला होता. रस्त्यावर गाडी चालवायची, समोरून येणारे ट्रक चुकवायचे, एवढंच. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर असा तो आजवर टिकला. नीट चालला मात्र नाही.

2005 मध्ये घरच्या विंडोज एक्सपीवर सुरू केला, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी ट्रकवर! ‘अबे, गाडी दिसली बी नाही अन् खेळ खतम!’ मामा म्हणाले होते. यंदा दिवाळीत मामेबहिणीच्या नव्या लॅपटॉपवर तो उघडलाच नाही. डॉसबॉक्समध्ये उघडला, तर गाडी बैलगाडीसारखी चालायला लागली. एकाच गेमच्या तीन तऱ्हा कशा? समजून घेऊ.

वेग बिघडतो कशामुळे?

गाडी दोन पावलांमध्ये क्षणभर थांबावी म्हणून मामांनी सोपी युक्ती केली होती. प्रोग्राममध्ये एक लाखापर्यंत नुसते आकडे मोजायचे आणि मग गाडी पुढे सरकवायची. कॉलेजच्या लॅबमध्ये 66 मेगाहर्ट्झचे 486 कॉम्प्युटर होते. त्यांना हे मोजायला जेवढा वेळ लागे, तोच गेमचा वेग. म्हणजे गेममध्ये घड्याळ नव्हतंच. कॉम्प्युटरचा संथपणा हेच त्याचं घड्याळ. पेंटियम-4 ने तेच आकडे कितीतरी लवकर मोजले आणि गाडी सुसाट सुटली.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची नव्हती. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीचा वेग 4.77 मेगाहर्ट्झ होता आणि त्या काळचे अनेक गेम त्याच वेगावर बेतलेले होते. पुढे कॉम्प्युटर वेगवान झाले आणि कॅबिनेटवर ‘टर्बो’ बटण आलं. नाव टर्बो असलं, तरी त्याचा खरा उपयोग जुन्या प्रोग्रामसाठी वेग कमी करणं हा होता.

मग डॉसबॉक्स काय करतं?

64 बिट विंडोजवर डॉसच्या काळातले 16 बिट प्रोग्राम थेट चालत नाहीत. म्हणूनच टर्बो सी++ साठी अनेक विद्यार्थी आजही डॉसबॉक्स टाकतात. हे मोफत सॉफ्टवेअर 2002 मध्ये आलं. ते आपल्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर उभा करतं. यालाच एम्युलेटर म्हणतात.

हा आतला कॉम्प्युटर किती वेगवान असावा, हे ‘सायकल्स’ या आकड्यावर ठरतं. एका मिलिसेकंदात साधारण किती आज्ञा पाळायच्या, तो हा आकडा. अशा साध्या डॉस गेमसाठी तो सुरुवातीला 3000 असतो, म्हणजे सेकंदाला 30 लाख आज्ञा. मामांच्या 486 साठी तो 25 हजारांच्या आसपास हवा. गाडी आठपट संथ होती, ती यामुळे.

योग्य वेग कसा लावायचा?

1. गेम कोणत्या काळातला आहे ते बघा. पहिल्या पीसीच्या काळातल्या गेमसाठी सुमारे 300, तर 486 च्या काळातल्या गेमसाठी 25 हजारांपासून सुरुवात करा.

2. गेम सुरू असताना कंट्रोल आणि एफ-12 दाबलं की वेग वाढतो, कंट्रोल आणि एफ-11 ने कमी होतो. बऱ्याच लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावं लागतं. चालू आकडा खिडकीच्या वरच्या पट्टीत दिसतो.

3. वेग जमला की तो आकडा डॉसबॉक्सच्या सेटिंग फाइलमध्ये सायकल्सपुढे ‘ऑटो’च्या जागी ‘फिक्स्ड’ असं लिहून टाका. दरवेळी जुळवावं लागणार नाही.

4. आकडा वाटेल तेवढा वाढवू नका. लॅपटॉपला झेपेनासं झालं की आवाज तुटायला लागतो.

अँड्रॉइडवरही डॉसबॉक्सवर आधारलेली ॲप आहेत. वेगाची सेटिंग त्यांतही सापडते.

प्रोग्रामच दुरुस्त का करत नाही?

मूळ कोड हातात असेल तर तेच उत्तम. मामांचा कोड मात्र केव्हाच हरवला, उरली फक्त चालणारी फाइल. गेम बदलता येत नाही, तेव्हा कॉम्प्युटरलाच जुनं व्हावं लागतं.

आम्ही 25 हजारांवर सुरू केलं, थोडं कमी-जास्त केलं. 22 हजारांवर मामांनी ओळीने सात ट्रक चुकवले. ‘हां, अशीच पयत होती!’ आकड्यापेक्षा त्यांच्या बोटांना वेग जास्त पक्का आठवत होता.

तुमच्याही कपाटात जुनी फ्लॉपी किंवा सीडी असेल, तर ती आधी कॉपी करून घ्या. वेग नंतर जुळवता येईल, फाइल गेली तर परत येणार नाही. आणि ज्यांनी तो गेम तेव्हा खेळला होता, त्यांनाही शेजारी बसवा.