चाकणच्या पॅलेटमधून आठवणींची पेटी

चाकण-भोसरी पट्ट्यात यंत्रांचे सुटे भाग पाइनच्या खोक्यांतून, पॅलेटवरून येतात. मग ते लाकूड भंगारात जातं. त्यातून सुंदर पेटी होते!

🔹 आधी लाकडावरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. तसलं लाकूड घेऊ नका.
🔹 सगळे खिळे काढूनच रंधा मारा.
🔹 कोपरे खाचा पाडून फेव्हिकॉलने जोडा, काटकोन तपासा, रात्रभर आवळून ठेवा.
🔹 आधी १२०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. शेवटी जवसाचं तेल. तेलकट फडकी पसरून वाळवा; चुरगळून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात.

बाळाचे वाळे, आजीची पत्रं त्यात जपा. पेटी केलीत तर फोटो नक्की टाका!