शाळेने दिलेला लॅपटॉप : देखरेख आणि पाळत यांतील सीमारेषा

प्रस्तावना :

शाळेतील संगणक एकेकाळी कुलूपबंद खोलीत असे. आठवड्यातून एखादी तासिका विद्यार्थी त्याच्यासमोर बसत आणि तासिका संपताच खोलीला पुन्हा कुलूप लागे. संगणक विद्यार्थ्याच्या घरी जात नसल्याने शाळेची नजरही घरापर्यंत पोहोचत नव्हती. आज ही स्थिती बदलली आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, अर्थात ‘महाज्योती’, स्पर्धात्मक प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना टॅब पुरविते. शिंदखेड्यासारख्या ग्रामीण तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय. तथापि, संस्थेच्या मालकीचे किंवा संस्थेने दिलेले उपकरण घरात आले की त्यातून विद्यार्थ्यावर किती लक्ष ठेवावे, हा प्रश्नही त्याच्यासोबत घरात येतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा तांत्रिक, कायदेविषयक व स्थानिक अंगाने विचार केला आहे.

देखरेखीचे चार स्तर :

‘देखरेख’ या एकाच शब्दाखाली चार भिन्न गोष्टी येतात. पहिला स्तर उपकरणाच्या व्यवस्थापनाचा : कोणते सॉफ्टवेअर चालावे हे ठरविणे, ते अद्ययावत करणे, हरवलेले उपकरण दूरवरून बंद करणे. दुसरा स्तर गाळणीचा. यात अनुचित संकेतस्थळे रोखली जातात. तिसऱ्या स्तरावर शिक्षक आपल्या संगणकावरून विद्यार्थ्याचा पडदा पाहू शकतो. चौथ्या स्तरावर विद्यार्थ्याने लिहिलेला मजकूर, शोधलेले शब्द व पाठविलेले संदेश यांचे यंत्राद्वारे विश्लेषण होते.

संगणकशास्त्रातील प्रगतीचा सर्वाधिक परिणाम चौथ्या स्तरावर झालेला दिसून येतो. पूर्वी हजारो विद्यार्थ्यांचे लेखन वाचणे मनुष्यबळाअभावी अशक्य होते. ही अडचण हेच खासगीपणाचे एक अप्रत्यक्ष संरक्षण होते. यंत्राने ती अडचण दूर केली. परंतु वाचणे आणि समजणे एक नव्हे. इंग्रजी मजकुरावर घडविलेली प्रणाली देवनागरीत वा रोमन लिपीत लिहिलेल्या अहिराणी संवादाचा अर्थ नीट लावील, याची हमी देता येत नाही. मित्रांमधील थट्टा धोक्याची सूचना ठरू शकते आणि खरे दुःख नजरेतून निसटू शकते.

एकाच हेतूची दोन रूपे :

तंत्रज्ञान कसे घडविले जाते यावर विद्यार्थ्याचे खासगीपण किती अवलंबून असते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. दोन्हींचा मूळ हेतू एकच होता : चोरीपासून संरक्षण.

पहिले उदाहरण महाराष्ट्रातील आहे. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराट येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत सुरू झाला. तेथे दिलेल्या ‘एक्सओ’ लॅपटॉपसाठी ‘बिटफ्रॉस्ट’ नावाची सुरक्षा रचना आखलेली होती. तीत चोरी रोखण्याचा उपाय असा : लॅपटॉपला ठरावीक मुदतीचा परवाना मिळे, चोरीची नोंद झाल्यास परवान्याचे नूतनीकरण थांबे आणि यंत्र निरुपयोगी होई. चोराला यंत्राचा उपयोग उरू नये, एवढेच त्यात अभिप्रेत होते. शिवाय कॅमेरा व ध्वनिग्राहक सुरू होताच दिवा लागावा, अशी जोडणी यंत्रातच केलेली होती. नकळत चित्रण होणार नाही, याची काळजी रचनेतच घेतली होती.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराजवळील लोअर मेरियन शाळा-जिल्ह्याचे आहे. तेथे दोन माध्यमिक शाळांतील सुमारे २,३०० विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले गेले. त्यांतील चोरी-शोधक सॉफ्टवेअर सुरू केल्यावर ठरावीक अंतराने कॅमेऱ्यातून छायाचित्रे व पडद्याच्या प्रतिमा टिपल्या जात. याची कल्पना पालकांना देण्यात आली नव्हती. घरातील आपले छायाचित्र शाळेकडे असल्याचे एका विद्यार्थ्याला समजल्यानंतर फेब्रुवारी २०१० मध्ये दावा दाखल झाला. चौकशीत ५० हजारांहून अधिक प्रतिमा आढळल्या. गुन्हेगारी हेतू सिद्ध करता येण्याजोगा पुरावा नसल्याने फौजदारी कारवाई झाली नाही. मात्र ऑक्टोबर २०१० मध्ये शाळा-जिल्ह्याने ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड केली.

पहिल्या रचनेत नियंत्रण यंत्रावर होते; दुसऱ्या रचनेत नजर मुलावर गेली. पहिलीस देखरेख म्हणता येईल, दुसरीस पाळतच म्हणावे लागेल.

भारतीय कायद्याची भूमिका :

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याच्या कलम ९ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची विदा हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक असून मुलांचा माग काढण्यास व त्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवण्यास मनाई आहे. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांच्या चौथ्या अनुसूचीने शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कार्य व मुलांची सुरक्षितता या मर्यादेत या दोन्ही अटींतून सूट दिली आहे. मुलांविषयीच्या या तरतुदी अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी अमलात येणार आहेत.

ही सूट सकारण आहे. हजेरी, शालेय बसचा माग किंवा वर्गातील देखरेख यांसाठी प्रत्येक वेळी संमती घेणे व्यवहार्य नाही. परंतु ‘सुरक्षितता’ हा शब्द व्यापक आहे. त्यात संकेतस्थळांची गाळणी बसते आणि रात्री दहा वाजता विद्यार्थ्याने लिहिलेला खासगी संदेश वाचणेही बसविता येते. सीमारेषा कोठे आखावी, हे त्यामुळे बहुतांशी शाळेवर सोपविले गेले आहे.

स्थानिक संदर्भ :

धुळे जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांचे डिजिटलीकरण गेल्या दशकात मोठ्या प्रमाणावर लोकवर्गणीतून झाले. मूळचे धुळ्याचे व न्यूयॉर्कमध्ये कार्यरत असलेले हर्षल विभांडिक यांनी त्यासाठी गावोगावी सभा घेऊन ग्रामस्थांना प्रेरित केले. ज्या ग्रामस्थांनी शाळेच्या संगणकासाठी पदरचे पैसे दिले, त्यांना तो संगणक काय नोंदवितो हे विचारण्याचा नैतिक अधिकार आहे. याखेरीज आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. घरात एकच टॅब असेल, तर त्यावर धाकटी बहीण कविता ऐकते, वडील कापसाचा भाव पाहतात, आई आजाराविषयी शोध घेते. विद्यार्थ्यावर ठेवलेली नजर अशा वेळी संपूर्ण कुटुंबावर पडते.

समारोप :

देखरेख मुळीच नको, ही भूमिका टिकणारी नाही. अल्पवयीन मुलांच्या हाती इंटरनेट देणाऱ्या संस्थेवर जबाबदारी असतेच. संकटातील मुलाची वेळीच माहिती मिळाल्यास त्याला मदत करता येते, हा देखरेखीच्या समर्थकांचा मुद्दाही दुर्लक्षिता येत नाही. मात्र उपकरणाची देखरेख हा नियम आणि विद्यार्थ्याची पाहणी हा सकारण अपवाद, असा क्रम असावा. कॅमेरा व ध्वनिग्राहक दूरवरून सुरू करण्याची सोय नसावी. शाळेच्या वेळेनंतर पडदा पाहिला जाऊ नये. नोंदी कोण पाहतो व त्या केव्हा नष्ट होतात, हे पालकांना मराठीत लेखी कळवावे. यंत्राने दिलेल्या सूचनेवर शिक्षकाने मुलाशी बोलल्याखेरीज कारवाई करू नये.

हे ठरविण्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २१ नुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. जेथे अशी समिती आहे, तेथे उपकरणांचे वाटप होण्यापूर्वीच्या बैठकीत हा विषय घेता येईल. कायद्याने शाळेला सूट दिली आहे. ती किती वापरावी, हे पालकांसमक्ष ठरणे विद्यार्थ्यांच्या हिताचे आहे.