"चालेल उशिरा" म्हणत थांबू नका!

शेजारच्या सुनेचं बाळ कापसाच्या बाहुलीसारखं लुळं. दूध ओढायलाही ताकद नाही. सासूबाई म्हणायच्या, "याचा बापही उशिराच चालला!" यात आठ महिने गेले. शेवटी मीच दोघींना जिल्हा रुग्णालयात नेलं. रक्ततपासणीत प्रेडर-विली सिंड्रोम निघाला. पंधराव्या गुणसूत्रातला दोष. तो मुळातून बरा होत नाही, पण फिजिओथेरपीने स्नायूंना बळ येतं. शिकवल्याप्रमाणे सून रोज बाळाच्या छातीखाली टॉवेलची गुंडाळी देऊन त्याला पालथं घालते; खुळखुळा सासूबाईच वाजवतात! सव्वा वर्षाचं होता होता बाळ आधाराशिवाय बसलं.

मैत्रिणींनो, चार महिन्यांचं बाळ मान धरत नसेल तर लगेच दाखवा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.