पर्यायी केंद्रातील होस्टकडून काय लागते?

मूळ कल्पना
व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. तो ज्या प्रत्यक्ष सर्व्हरवर चालतो तो होस्ट. मशीनचा सारा ऐवज काही फायलींत मावतो, म्हणून त्याची प्रत परगावी ठेवता येते. सोलापूरच्या एखाद्या सहकारी बँकेने पुण्यात पर्यायी केंद्र उभारले, तर तिथल्या होस्टचे काम प्रत सांभाळण्यापुरते नसते. ऐनवेळी ती चालवावीही लागते. बहुतेक अटी या दुसऱ्या कामातून निघतात.

अंतर
दोन्ही केंद्रे एकाच आपत्तीत सापडू नयेत. 30 सप्टेंबर 1993 चा लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा भूकंप सोलापुरातही जाणवला होता. तेव्हा लातूर जवळचे असले तरी पर्याय म्हणून दुबळे. पुणे सुमारे 250 किलोमीटरवर आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान अडीच मिलिसेकंद. केबलचा वळसा आणि मधली उपकरणे धरता प्रत्यक्षात जास्तच. प्रत्येक नोंद पुण्याहून पोच येईपर्यंत थांबवली तर डेटाबेस मंदावतो. म्हणून प्रत थोडी मागून पाठवतात. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही रेप्लिका या सोयीत हे वेळेचे अंतर 30 सेकंद, 5 किंवा 15 मिनिटे ठेवता येते. तेवढ्या वेळातले व्यवहार बुडू शकतात, हे आधीच मान्य करावे लागते.

प्रोसेसर आणि आवृत्ती
प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशनची सोय हवी आणि ती बायोसमध्ये चालू हवी. चालते मशीन न थांबवता हलवायचे तर दोन्हीकडे एकाच कंपनीचे प्रोसेसर लागतात. आपत्तीत मात्र मशीन नव्याने सुरू होते, त्यामुळे इंटेल-एएमडी हा भेद सहसा आड येत नाही. आड येते ती हायपरव्हायजरची, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती: नव्या हायपरव्हायजरवर घडलेले मशीन जुन्यावर उठत नाही. अद्ययावतीकरण पर्यायी केंद्रात आधी करावे ते यासाठी.

मेमरी
प्रत बंद अवस्थेत असते, तेव्हा ती मेमरी घेत नाही. नेमका इथेच घोटाळा होतो. होस्ट रिकामा दिसतो, कोणीतरी त्यावर चाचणीचे सर्व्हर चढवतो आणि गरजेच्या दिवशी जागा उरत नाही. आधी काय बंद करायचे, याची यादी लिहून ठेवलेली बरी.

डिस्क आणि लाइन
डिस्कवर मूळ आकाराखेरीज मागील अवस्थांच्या प्रतींसाठी जागा लागते. लाइनचा हिशेब मात्र कागदावर करता येतो. कामाच्या आठ तासांत 100 जीबी बदल होत असतील, तर सरासरी 28 एमबीपीएस लागतात. 20 ची लाइन दिवसभर मागेच पडत राहील. 4 टीबीची पहिली प्रत 100 एमबीपीएसवर जायला जवळपास चार दिवस घेते, त्यापेक्षा ती डिस्कवर भरून गाडीने पुण्याला नेणे शहाणपणाचे.

ओळख
दोन होस्ट एकाच डोमेनमध्ये नसतील, तर परस्परांची खात्री प्रमाणपत्रांनी पटवावी लागते. प्रमाणपत्राची मुदत संपली की प्रती येणे थांबते. शिवाय पुण्यात आयपी पत्ते बदलतात. शाखांना नवा पत्ता कळला नाही, तर चालू झालेले मशीनही निरुपयोगी.

मर्यादा
प्रत चुकांचीही होते. रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेल्या फायली तशाच पलीकडे पोचतात, म्हणून वेगळा बॅकअप हवाच. यंत्रणा असूनही निर्णय अडतो, हे 24 फेब्रुवारी 2021 रोजी दिसले. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी 11.40 ला थांबले. चेन्नईचे पर्यायी केंद्र हाताशी होते, पण कामकाज तिकडे हलवले गेले नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने बाजारसंस्थांसाठी मुदती घातल्या: घटनेनंतर 30 मिनिटांत आपत्ती घोषित करायची आणि त्यापुढे 45 मिनिटांत सेवा पूर्ववत करायची. 2 मार्च 2024 च्या शनिवारी एक्स्चेंजने खास सत्र भरवून पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष सौदे चालवून पाहिले.